दोनशेचा प्लॅन आणि ९४ चा आकडा : वायरवरचं नेट कुठे अडतं, कसं शोधायचं

बेळगाव : घरात फायबर आलं, प्लॅन २०० एमबीपीएसचा घेतला. मोबाईलवर वायफायने स्पीड तपासला तर १८०-१९० दाखवतो. त्याच खोलीत वायर जोडलेला कॉम्प्युटर मात्र ९४ च्या पुढे सरकत नाही. "वायर लावली की फास्ट चालतंय म्हणून सांगितलं होतं की," असं घरातलं कोणीतरी म्हणतं आणि केबलवाल्याला फोन जातो. तो सांगतो, कॉम्प्युटर जुना झालाय. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला सांगतो, लाईनच खराब आहे. या दोघांच्या मध्ये ग्राहक महिनोन्‌महिने पूर्ण प्लॅनचे पैसे भरत राहतो.

हिशेब छोटा वाटतो, पण मांडून बघावा. शंभर आणि दोनशेच्या प्लॅनमध्ये समजा महिन्याला २०० रुपयांचा फरक आहे. १८ टक्के जीएसटी धरला तर वर्षाला २,८३२ रुपये होतात. कॉम्प्युटर जर ९४ वरच अडकला असेल तर त्या कॉम्प्युटरपुरते हे पैसे पाण्यात जातात. वर कोणी "प्लॅन वाढवा" असा सल्ला दिला आणि तो ऐकला, तर ३०० चा प्लॅन घेऊनही आकडा ९४ च राहतो. दोष प्लॅनमध्ये नसतो, बहुतेक वेळा तो दहा-वीस फूट वायरीत किंवा एखाद्या पोर्टमध्ये असतो. तो घरच्या घरी शोधता येतो आणि शोधायला पैसे लागत नाहीत.

आधी मोजमाप नीट करायचं

"नेट स्लो आहे" ही तक्रार नव्हे. किती स्लो, कधी स्लो, कशावर स्लो, हे हातात असलं तर पुढचं निम्मं काम होतं.

पहिला गोंधळ एककाचा. प्लॅन विकला जातो मेगाबिटमध्ये, आणि कॉम्प्युटर फाईल उतरवताना बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाईनवर फाईल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीने उतरणार. "शंभर सांगितले आणि बाराच येतात" म्हणून भांडायला गेलेले बरेच जण इथेच चुकलेले असतात. त्यांचं नेट ठणठणीत असतं.

तपासताना कॉम्प्युटरचं वायफाय बंद करावं. हे सांगायचं कारण, वायर ढिली होऊन निसटलेली असते आणि कॉम्प्युटर गुपचूप वायफायवर चालत असतो, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो. घरातले मोबाईल, टीव्ही थोडा वेळ नेटवरून काढावेत, ब्राउझरमधले बाकीचे टॅब बंद करावेत. मग स्पीडटेस्ट किंवा फास्ट डॉट कॉमवर तीन वेळा चाचणी घ्यावी : सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास. आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत, पुढे तक्रार करायची वेळ आली तर कामाला येतात.

एक बारकावा. स्पीडटेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो अनेकदा आपल्याच इंटरनेट कंपनीचा असतो. घरापासून कंपनीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढंच त्यातून कळतं. सर्व्हर बदलून मुंबईचा, बेंगळुरूचा, दुसऱ्या कंपनीचा निवडून बघावा. जवळच्यावर १९० आणि लांबच्या प्रत्येकावर ३० येत असतील तर अडचण घरात नाही.

आकडा स्वतःच बोलतो

वायरवरच्या नेटमध्ये आकड्यावरून दोष ओळखता येतो, तसं वायफायमध्ये होत नाही.

९३ ते ९५ च्या दरम्यान आकडा घट्ट बसलेला असेल, सकाळी तोच, रात्री तोच, तर कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातला दुवा १०० चा जोडला गेला आहे. प्रत्येक पाकिटासोबत पत्ता वगैरे मजकूर जातो, त्याचा खर्च वजा जाता शंभरातले साधारण ९४-९५ हातात पडतात. साडेनऊच्या आसपास अडकला असेल तर दुवा १० चा आहे, आणि तिथे वायर किंवा पोर्ट खराब आहे असं समजूनच शोधाला लागावं. दिवसा १९० आणि रात्री ४० असा खेळ असेल तर बाहेरच्या लाईनवर गर्दी आहे. आकडा दर चाचणीला उड्या मारत असेल, एकदा ६०, एकदा १५०, तर कॉम्प्युटरमध्ये काहीतरी चालू आहे किंवा वायरीतून पाकिटं गळताहेत.

दुवा कितीचा आहे हे विंडोज स्वतः सांगते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट, आणि खाली 'लिंक स्पीड' अशी ओळ दिसते. तिथे १०००/१००० असेल तर गिगाबिट जोडला आहे, १००/१०० असेल तर चोर सापडला. जुन्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये जाऊन इथरनेटवर क्लिक केलं की छोट्या खिडकीत 'स्पीड' लिहिलेला असतो. पोर्टवरच्या लाईटचा रंग पाहूनही काही जण सांगतात, पण रंग कंपनीगणिक बदलतात, त्यावर विसंबू नये.

आठ तारा, आणि त्यातली एक तुटलेली

इथे थोडं थांबायला हवं, कारण घरातले सगळ्यात जास्त दोष इथेच असतात.

लॅन केबल सोलली तर आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. १०० चा दुवा यातल्या दोनच जोड्या वापरतो : कनेक्टरमधल्या १-२ आणि ३-६ या जागांवरच्या. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. ४, ५, ७, ८ यातली एक जरी तार तुटली, दातात नीट बसली नाही किंवा हिरवी पडली, तरी नेट बंद पडत नाही. दोन्ही बाजूंची यंत्रं आपसात ठरवून बहुतेक वेळा १०० वर उतरतात आणि काम चालू ठेवतात. कुठलाही इशारा येत नाही. प्लॅन ५० किंवा १०० चा होता तोवर हे कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. २०० चा प्लॅन घेतल्यावर 'अचानक' दोष दिसतो, पण तो पाच वर्षांपूर्वीचा असू शकतो.

तार तुटते कशी? दाराच्या फटीतून ओढलेली केबल दार लागताना चेपते. खुर्चीचं चाक वरून जातं. खिळा मारताना क्लिप घट्ट बसते. माळ्यावर उंदीर कुरतडतात. आणि काही वेळा तार तुटलेली नसतेच, मुळात जोडलेली नसते : जोडणाऱ्याने चारच तारा दाबल्या आणि उरलेल्या चार दुसऱ्या खोलीसाठी किंवा टेलिफोनसाठी वापरल्या. शंभरच्या जमान्यात ही युक्ती चालून जायची.

पावसाळ्याचं वेगळं. खानापूर-जांबोटीकडच्या घरांत जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कनेक्टरच्या सोनेरी पत्त्यांवर काळपट थर येतो. न वापरलेल्या पोर्टमध्ये मुंग्या घर करतात. वायर काढून दोन-तीनदा आत-बाहेर केली की तेवढ्यापुरतं सुरू होतं, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. तो कनेक्टर कापून नवा दाबणं हाच उपाय.

वायर दोषी आहे का हे ठरवायची रीत एकच. कॉम्प्युटर उचलून राउटरजवळ न्यावा, किंवा कोणाचा तरी लॅपटॉप आणावा, आणि राउटरच्या खोक्यात आलेल्या छोट्या केबलने थेट जोडावा. लिंक १००० झाली तर भिंतीतून आलेली लांब वायर गुन्हेगार. १०० च राहिली तर पोर्ट किंवा कार्ड. ही अदलाबदल दहा मिनिटांची आहे आणि कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त खरं सांगते.

नवी वायर घेताना तिच्या अंगावर छापलेलं वाचावं. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' हवं. घरापुरतं दोन्ही चालतं, गिगाबिटला कॅट ५ई पुरेशी आहे. 'कॅट ७', 'कॅट ८' च्या नावाने मिळणाऱ्या चपट्या, चकचकीत वायरींनी २०० चे २५० होत नाहीत. खरी फसवणूक धातूत असते. स्वस्त केबलमध्ये तांब्याच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमची तार आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने हलकेच खरवडलं की आतून पांढरी दिसते. हातात हलकी लागते, दोन-चारदा वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर मार खाते. दुकानात "पूर्ण कॉपर द्या" असं स्पष्ट मागावं. एका सलग वायरीची मर्यादा १०० मीटर आहे. घरात ती ओलांडली जात नाही, पण गल्लीतल्या खांबावरून गच्च्यांवरून ओढत आणलेली लॅन केबल असेल तर ओलांडली जाते.

रंगांचा क्रम : टेस्टर पास, वायर नापास

कनेक्टर दाबताना तारांचा क्रम असतो. आपल्याकडे बहुतेक जण वापरतात तो असा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

नवशिका पोरगा काय करतो? केशरीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी अशी सरळ ओळीने लावतो, दोन्ही टोकांना सारखी. तर्काने बघितलं तर बरोबर वाटतं, एक नंबरची तार एकला, आठची आठला. आठ दिव्यांचा साधा टेस्टर लावला की आठही दिवे ओळीने पेटतात. पोरगा म्हणतो, "बघा की, ओके आहे." पण ३ आणि ६ या जागांवर एकाच पिळलेल्या जोडीतल्या तारा यायला हव्यात आणि इथे त्या दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या येतात. पीळ हा शेजारच्या जोडीचा आवाज कापण्यासाठीच दिलेला असतो. जोडी फुटली की तो निरुपयोगी होतो. मग कधी लिंक १०० वर उतरते, कधी १००० दाखवते पण पाकिटं खराब होऊन परत पाठवावी लागतात आणि स्पीड पडतो. टेस्टरला यातलं काही दिसत नाही, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो. म्हणून पारदर्शक कनेक्टर उजेडात धरून रंग स्वतः वाचावेत. हिरव्याच्या दोन तारांच्या मध्ये निळ्याच्या दोन तारा दिसल्या की क्रम बरोबर.

पोर्ट कितीचा?

वायर निर्दोष निघाली तर नजर पोर्टकडे. स्वस्त राउटरच्या खोक्यावर '३००', 'एसी १२००' असे मोठे आकडे छापलेले असतात. ते वायफायचे. आतले लॅन पोर्ट आणि बाहेरून लाईन येते तो पोर्ट, सगळे १०० चेच असू शकतात. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात '१०/१००' आहे की '१०/१००/१०००' हे बघायचं. फायबरच्या काही डब्यांत तर एक पोर्ट गिगाबिटचा आणि दुसरा १०० चा असतो. वायर चुकून दुसऱ्यात गेली की झालं. ती काढून शेजारच्या पोर्टमध्ये लावणं एवढाच उपाय, आणि तो सुचायला कधी कधी वर्ष जातं.

मध्ये कुठे जुना पाच-आठ पोर्टचा स्विच असेल तर तोही तपासावा. पूर्वी दुकानात बिलिंगला वापरलेला स्विच घरी आणून लावलेला असतो, आणि तो १०० चा असतो.

कॉम्प्युटरच्या बाजूला डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्स उघडलं की कार्डाचं नाव दिसतं. रिअलटेकच्या कार्डाच्या नावात 'एफई' असेल तर ते फास्ट इथरनेट, म्हणजे १०० चं. 'जीबीई' असेल तर गिगाबिट. एफई असेल तर कुठलंही सेटिंग त्याला वर नेणार नाही. डेस्कटॉपमध्ये आत छोटं गिगाबिट कार्ड बसवता येतं, लॅपटॉपला यूएसबीचा अडॅप्टर. अडॅप्टर घेताना तो 'गिगाबिट' आणि यूएसबी ३ चा आहे हे बघावं, आणि लावताना यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये लावावा, जो बऱ्याचदा आतून निळा असतो. कार्ड शंभराचं आहे म्हणून अख्खा कॉम्प्युटर बदलायला लावणाऱ्याचं ऐकू नये.

वळवाच्या पावसाचा एक बळी राहिला. एप्रिल-मेमध्ये कडकडाट झाला की दुसऱ्या दिवशी पोर्ट मेल्याच्या तक्रारी येतात. काही पोर्ट पूर्ण मरत नाहीत, अर्धमेले होतात : लाईट लागते, पण लिंक १० किंवा १०० वरच राहते नाहीतर सारखी तुटते. फायबरची काच वीज वाहत नाही, पण गच्चीवरून आलेली तांब्याची लॅन केबल वाहते, आणि फायबरच्या केबलमध्ये आधारासाठी कधी कधी स्टीलची तारही असते. त्यामुळे गडगडाट सुरू झाल्यावर नुसतं बटण बंद करून भागत नाही, लॅन केबलही उपसून ठेवावी लागते.

कोणीतरी केलेलं सेटिंग

कार्डाच्या गुणधर्मांत 'स्पीड अँड डुप्लेक्स' नावाचं एक सेटिंग असतं. ते 'ऑटो निगोशिएशन'वर असावं. जुन्या काळी कोणी हुशारी करून ते '१०० फुल डुप्लेक्स' असं ठोकून बसवलेलं असतं. समोरचा राउटर ऑटोवर असतो. एक बाजू बोलणीच करत नसेल तर राउटरला वेग कळतो, पण दुतर्फा वाहतूक आहे की एकतर्फा हे कळत नाही, आणि तो नियमाप्रमाणे एकतर्फा धरतो. म्हणजे एकाच अरुंद पुलावर एक बाजू समोरून कोणी येणार नाही असं समजून गाडी घालते. टकरा होतात. लिंक १०० दाखवते, पण स्पीड पाच-दहावर लोळतो. ऑटो केलं की क्षणात सुटतं.

त्याच यादीत 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' किंवा 'ग्रीन इथरनेट' असतं, वीज वाचवण्यासाठी. काही कार्डांवर त्याने लिंक अधूनमधून तुटते. बंद करून दोन दिवस बघायला हरकत नाही, फरक नाही पडला तर परत चालू करावं. ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा. 'ड्रायव्हर अपडेटर', 'इंटरनेट बूस्टर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाकू नयेत, ती स्वतःच नेट खातात.

लिंक हजारची, तरीही नेट रांगतंय

मग कॉम्प्युटरच्या आत बघायचं. टास्क मॅनेजर उघडून नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त नेट वापरणारा वर येतो. विंडोज अपडेट असतं, क्लाउडवर फोटो चढवणारं ॲप असतं, मुलाच्या गेमचं अपडेट असतं. चढवण्याकडे, म्हणजे अपलोडकडे, फार जणांचं लक्ष जात नाही. लग्नाचे चार हजार फोटो क्लाउडवर चढत असले की अपलोडचा रस्ता भरतो. उतरवलेल्या प्रत्येक तुकड्याची पोचपावती त्याच रस्त्याने जाते. पावती उशिरा पोचली की समोरचा पुढचा तुकडा उशिरा पाठवतो, आणि डाउनलोडही बसतं.

व्हीपीएन चालू राहिलेलं असेल तर आधी ते बंद. अँटिव्हायरस प्रत्येक पान तपासून मग दाखवत असेल तर जुन्या कॉम्प्युटरवर त्याचाही भार पडतो. चाचणी चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्क्यांवर चिकटला असेल, तर अडलंय ते प्रोसेसरमुळे. तिथे दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं धरावं.

एक तक्रार वेगळी ओळखावी : मोठी फाईल झपाझप उतरते, पण नवं पान उघडताना पाच-सहा सेकंद कोरा पडदा. हा बऱ्याचदा डीएनएसचा दोष, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर मंद आहे. राउटरमध्ये किंवा विंडोजमध्ये तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघता येतं. त्याने पानं लवकर उघडू लागतील, पण ९४ चे १९० होणार नाहीत. 'डीएनएस बदला, स्पीड दुप्पट करा' असे जे व्हिडिओ फिरतात ते त्या अर्थाने खोटे.

घर की बाहेर : पिंगचा निवाडा

कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता द्यायचा, बहुतेक घरी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वायरवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवं, आणि एकही पाकीट हरवता कामा नये. शेवटी वजाचं चिन्ह आणि इंग्रजी टी जोडला की ते चालूच राहतं, कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचं. राउटरपर्यंतच पाकिटं गळत असतील तर दोष घरातला, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत स्वच्छ आणि ८.८.८.८ पर्यंत गळती, तर चेंडू कंपनीच्या अंगणात.

बाहेरही प्रकार आहेत. खऱ्या फायबरमध्ये एका मुख्य धाग्याचा सव्वादोन-अडीच गिगाबिटचा प्रवाह साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, त्यामुळे रात्रीच्या गर्दीतही तो सहसा तग धरतो. आत येणारा प्रकाश किती आहे हे डब्याच्या पानावर डीबीएममध्ये दिसतं. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला की लाईन कधीही तुटू शकते. कपाटामागे फायबर काटकोनात मुडपली गेली तरी प्रकाश कमी होतो, तिथे हात घालून वळण सैल केलं तर पुरे.

पण 'फायबर' म्हणून विकलेली जोडणी कधी कधी खांबापर्यंतच फायबर असते. तिथून इमारतीच्या गच्चीवर एक स्विच आणि पुढे घरोघरी लॅन केबल. तो स्विच १०० चा असला तर अख्ख्या इमारतीचे मिळून १००. घरात बारीक पिवळी किंवा काळी चपटी फायबर येऊन डब्यात शिरते की लॅन केबल सरळ राउटरमध्ये येते, हे बघितलं की कळतं.

आणि प्लॅनचा कागद वाचावा. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनला महिन्याला ३३०० जीबी वगैरे मर्यादा असते, लोकल ऑपरेटरकडे ती कमीही असते. ती संपली की स्पीड दोन-चार एमबीपीएसवर येतो आणि बिलाच्या तारखेला आपोआप परत वाढतो. महिनाअखेरीलाच नेट आजारी पडत असेल तर कारण हेच.

तक्रार करताना

सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान किती, हे सांगायला बरं नाही. २००४ मध्ये २५६ केबीपीएस, २०१३ पासून ५१२, आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. म्हणून भांडण व्याख्येवर नको, विकलेल्या प्लॅनवर हवं, आणि हातात वहीतले आकडे हवेत.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या जोडण्या कर्नाटक सर्कलमध्ये मोडतात. पलीकडच्या चंदगडच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्येच धरला जातो. त्यामुळे चंदगडच्या पाहुण्याने सांगितलेला नंबर इथे लागेलच असं नाही. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्यावा. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर फोन केला, समोरच्याने "स्पीड वाढवून देतो, हे ॲप टाका" म्हणत कॉम्प्युटरचा ताबा मागितला, तर फोन तिथेच ठेवावा. हा बँक खाती रिकामी करणाऱ्यांचा धंदा आहे. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर कळवावं.

फोनवर मराठी पर्याय नसेल तर हिंदी निवडून मोजकं बोलावं : "वायर से कनेक्टेड है, लिंक स्पीड एक हजार है, फिर भी टेस्ट में चालीस आता है, राउटर तक पिंग ठीक है." एवढं ऐकल्यावर "राउटर बंद करून चालू करा"च्या पुढची पायरी लवकर येते. राउटर एकदा बंद-चालू करून झालेलं असावं, म्हणजे खोटं बोलावं लागत नाही.

तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. तक्रार सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही, आणि अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे ठाऊक नसल्याने अनेकांचे अर्ज तिथेच पडून राहतात. त्यापुढे दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी बेळगावातला जिल्हा ग्राहक आयोग आहे. आयोगात जायचं तर बिलं, डॉकेट नंबर आणि तारखेसकट स्पीडचे फोटो लागतील. फोटोत १९४ ऐवजी ९४ दिसत असेल तर जाण्याआधी वायरीची टोकं एकदा उजेडात धरून बघावीत.